घर, गाडी आणि कागद : जुन्या कॅम्पर व्हॅनचा भाव कसा करायचा

इंदूरहून बोलतोय. आज आपण जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेताना भाव कसा करायचा याबद्दल बोलणार आहोत. कॅम्पर व्हॅन म्हणजे जिच्यात झोपायची, चहा-स्वयंपाकाची आणि जमल्यास संडास-मोरीची सोय असते ती गाडी. कुणी तिला कॅराव्हॅन म्हणतं, कुणी मोटरहोम. नावात फार अडकू नका. मात्र आरसीवर काय नाव लिहिलंय त्यात जरूर अडका. त्याकडे थोड्या वेळाने येतोच.

आधी ही गाडी आम्हाला का हवी होती ते सांगतो, कारण भाव करताना आपलं सगळ्यात नाजूक ठिकाण तेच असतं. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. निवृत्तीनंतर नर्मदेची परिक्रमा गाडीने करायची असं आम्हा दोघांचं ठरलेलं होतं. मग हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आता चालता येतं, पायऱ्याही चढते, पण खाली बसता येत नाही. काठावरच्या धर्मशाळांमधून बहुतेक ठिकाणी खाली बसायचेच संडास. बाईमाणूस याबद्दल चारचौघांत बोलत नाही, नुसतं "या वर्षी नको" म्हणते. अशी दोन वर्षं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला संडास बरोबर घेऊन जायला हवा. पैसे ग्रॅच्युइटीतले होते. परत मिळणारे नव्हेत.

आता गंमत बघा. चौतीस वर्षं लोकांच्या ट्रॅक्टरांची आणि ट्रकांची किंमत करणारा मी, स्वतःच्या गाडीच्या वेळी सपशेल फसलो.

इंदुरातच एका जुन्या गाड्यांच्या यार्डात एक ट्रॅव्हलर दिसली. ट्रॅव्हलर ही फोर्स कंपनीची गाडी आमच्या शेजारच्या पिथमपूरला बनते, त्यामुळे इकडे तिचे मिस्त्री आणि पार्ट गल्लोगल्ली मिळतात. आत सुंदर बिछाना, निळे पडदे, छोटा फ्रिज, मागे संडास. हिने पडद्याला हात लावला आणि म्हणाली, "अगदी अशीच हवी होती." यार्डवाला शेजारीच उभा होता.

त्याने साडेचौदा लाख सांगितले. मी घासाघीस केली, उठून जायचं नाटक केलं, दोनदा चहा झाला, आणि सव्वाबारावर सौदा तुटला. सव्वादोन लाख कमी केले म्हणून मी इतका खूश, की पंचवीस हजार टोकन तिथल्या तिथे दिलं. मग तो म्हणाला, "भिया, इसपे जीएसटी अलग." अठरा टक्के. सव्वाबारा लाखांवर म्हणजे दोन लाख वीस हजार पाचशे. मी जे कमी करून घेतलं होतं ते जवळपास सगळं परत त्याच्या खिशात.

इथे जरा थांबू, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा नोंदणीकृत विक्रेता गाडी विकतो तेव्हा जीएसटी त्याच्या फरकावर लागतो, म्हणजे त्याने जितक्याला घेतली आणि जितक्याला विकली त्यातल्या अंतरावर. २०२५च्या जानेवारीपासून हा दर सगळ्या जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के आहे. समजा त्याने पावणेअकराला घेतली आणि सव्वाबाराला विकली. फरक दीड लाख, त्यावर कर सत्तावीस हजार. कुठे सत्तावीस हजार आणि कुठे दोन लाख वीस हजार! आणि तुम्ही थेट घरगुती मालकाकडून घेतली, जो धंदा करत नाही, तर हा करच नाही. म्हणून यार्डात बोलणी सुरू करतानाच विचारायचं: "हा आकडा सगळं धरून आहे ना? बिलावर हाच येणार ना?" भाव ठरल्यावर विचारून उपयोग नाही.

त्याने दुसरीही एक वाट दाखवली. चार लाख रोख द्या, पन्नास हजार सोडतो. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला आहे, पण आपल्याकडेही त्या चार लाखांची पावती राहत नाही, आणि उद्या वाद झाला तर गाडी पावतीवर दिसेल तेवढ्यालाच घेतली होती असं ठरतं.

खरा घाव मात्र घरी आल्यावर बसला. आरसीची प्रत चष्मा लावून वाचली. वर्ग: मॅक्सी कॅब. आसनं: चालक सोडून बारा. गाडीत बारा आसनं होती कुठे? बिछाना होता, ओटा होता, संडास होता. गाडी मूळची टुरिस्ट परवान्याची, पिवळ्या पाटीची. कुणीतरी सीटा काढून आत घर बांधलं आणि कागदाला हात लावला नाही.

मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम असं म्हणतं, की आरसीवरची माहिती मूळ बनावटीपेक्षा वेगळी होईल असा फेरफार मालकाने परवानगीशिवाय करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम आणखी घट्ट केलं. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि त्याप्रमाणे मंजुरी घेऊन बनवलेली गाडी रीतसर कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदता येते. माझ्या गाडीचं यातलं काहीच झालेलं नव्हतं. रस्त्यात पोलिसांनी अडवणं एकवेळ परवडलं. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेयर गाडी बघायला आला, की त्याच्या हातात आरसी असते आणि डोळ्यांसमोर ओटा. दावा अडायला तेवढं पुरतं.

मी माघार घेतली. टोकन गेलं. मी भांडलो, पण पावतीवर "परत मिळणार नाही" असं छापलेलं होतं आणि खाली माझीच सही होती. ही आजही कधीकधी त्याला "तुमचा पंचवीस हजारांचा क्लास" म्हणते.

त्या क्लासात मी काय शिकलो? मी साडेचौदावरून सव्वाबारा केले, पण साडेचौदा हा आकडा आला कुठून हे विचारलंच नाही. स्विफ्ट घ्यायची असेल तर तिचा बाजारभाव पाच मिनिटांत कळतो, कारण तशा शेकडो गाड्या विकायला असतात. कॅम्पर व्हॅनला आपल्याकडे बाजारच नाही. दोन गाड्या एकसारख्या नसतात. विकणारा तोंडाला येईल तो आकडा सांगतो, आणि त्याच आकड्यावरून आपण किती कमी केलं ते मोजत बसतो. म्हणून दुसऱ्या वेळी मी ठरवलं, त्याचा आकडा ऐकायच्या आधी आपला आकडा तयार हवा, आणि तो कागदावर मांडलेला हवा. कर्ज मंजूर करताना आम्ही जशी टिपणी लिहायचो, तशी.

युक्ती साधी आहे. गाडीचे तीन तुकडे करायचे. पहिला, नुसती गाडी, आतलं घर वजा करून. त्याच कंपनीची, त्याच साली बनलेली, तेवढ्याच लांबीची साधी ट्रॅव्हलर काय भावाने जाते? याला मात्र बाजार आहे. शाळांच्या, हॉटेलांच्या, टुरिस्टवाल्यांच्या भरपूर ट्रॅव्हलर विकल्या जातात. दहा-बारा जाहिराती बघा, दोन-तीन ठिकाणी फोन करा, आकडा हाती येतो. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे, हे लक्षात ठेवून थोडा खाली धरा.

दिल्ली पासिंगच्या जुन्या डिझेल गाड्या फार स्वस्त दिसतात, त्यांना या तुलनेत धरू नका. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येत राहिल्या. पुढे त्या नियमात कोर्टकचेरीत बरंच खालीवर झालं. पण त्या स्वस्ताईचं कारण गाडीत नाही, गावात आहे. ज्याला हवी त्याने घ्यावी, ना हरकत दाखला मिळतोय ना ते आधी बघून.

दुसरा तुकडा आतल्या घराचा, आणि खरी झटापट इथेच होते. विकणारा म्हणतो, मी आत आठ लाख घातले. घातले असतील. आपण कुणाचा खर्च विकत घेत नाही. मी प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न लिहिले. हीच वस्तू आज नवी बसवायला मला किती पडेल? आणि मला ती हवी आहे का? चार वर्षं वापरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीला शून्य. छतावरच्या सोलर पॅनेलना निम्मी किंमत, कारण पॅनेल टिकतात. बारा व्होल्टचा फ्रिज चालू असेल तर निम्मी. संडास आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा, त्याला मी पाऊण किंमत धरली. सुतारकामाला एक तृतीयांश, कारण चांगलं असलं तरी दुसऱ्याच्या मापाचं असतं. टीव्हीला शून्य. आम्हाला टीव्ही नको होता. तो काढून घ्या म्हणालो असतो तरी चाललं असतं.

तिसरा तुकडा वजाबाकीचा. गाडी माझ्या दारात, माझ्या नावावर, चालू हालतीत उभी राहीपर्यंत आणखी काय लागेल? टायर, गळती, इंजिनाचं काम, दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर तिथला ना हरकत दाखला आणि आपल्याकडचा रोड टॅक्स. हा टॅक्स लोक विसरतात. मी आरटीओत जाऊन गाडीचं साल आणि किंमत सांगून आकडा लिहून आणला. एजंटाने सांगितलेला आकडा आणि खिडकीवरचा आकडा यात फरक होता, एवढंच सांगतो.

ही वजाबाकी करायला गाडी नीट बघावी लागते. पाहायला पावसाळ्यात जा. एक तर तेव्हा सहलीचा हंगाम नसतो, गिऱ्हाईक कमी, विकणाऱ्याला जागेची आणि हप्त्याची काळजी. दुसरं म्हणजे गळती लपत नाही. दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. ओल्या प्लायवूडचा वास अगरबत्तीने जात नाही, उलट अगरबत्ती लावलेली दिसली तर जास्त लक्ष द्या. छताला जिथे झरोका किंवा एसी बसवायला भोक पाडलंय, तिथे कडेकडेने अंगठ्याने दाबत जा. मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलंय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर लांबच्या प्रवासाला कामाचा नाही, आणि या गाड्या पुष्कळदा उभ्याच असतात.

आणि एक शंभर-दीडशे रुपयांची तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. पाण्याच्या टाक्या भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आरसीवर भरल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोनशे लिटर पाणी म्हणजेच दोनशे किलो, वर लाकूड, बॅटऱ्या, एसी. माणसं आणि सामान चढायच्या आधीच काटा त्या आकड्याला टेकला असेल, तर ती गाडी कितीलाही मिळाली तरी घाटात ब्रेक दाबताना तुम्हीच बसलेले असाल. काट्याची पावती जपून ठेवा. बोलणीत तिच्याइतकं कुणी बोलत नाही.

कागद या तिन्ही तुकड्यांच्या आधी बघायचे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा वर्ग, आसनं, विमा, फिटनेस आणि बँकेचा बोजा दिसतो. थकलेली चलानंही बघता येतात. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर २८. वर्ग चुकीचा असेल तर भाव करूच नका. "नंतर करून देतो" असं कुणी म्हणालं तर म्हणा, "करा, मग मी येतो."

आता दुसरी गाडी. बडोद्यात एका निवृत्त इंजिनिअरांची होती. दांडिया बाजारात पिढ्यान् पिढ्या राहणारं मराठी घर. मी इंदूरचा, ते बडोद्याचे, म्हणजे होळकर आणि गायकवाड म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं छान गेली. २०१८ची ट्रॅव्हलर, २०२० साली मंजुरी घेऊन रीतसर बदललेली. आरसीवर स्वच्छ लिहिलेलं: कॅम्पर व्हॅन, चार आसनं. मुलगा परदेशी, पत्नी दीड वर्षापूर्वी गेलेल्या. गाडी तेव्हापासून उभी.

मागणी साडेअकरा लाख.

फोनवर मी भाव विचारला, पण केला नाही. आपल्याकडे "लास्ट प्राइस किती?" हा पहिलाच प्रश्न असतो. त्याने दोन गोष्टी होतात. समोरचा खोटा आकडा सांगतो, आणि आपण गाडीऐवजी पैसे बघायला आलोय असं त्याच्या मनात बसतं. मी विचारलं, गाडी कुठे कुठे गेली, शेवटची कधी धुतली, का विकताय, किती दिवस झाले जाहिरात देऊन. पाच महिने झाले होते. हा आकडा मी लिहून घेतला.

जाताना हिला सांगितलं, काहीही आवडलं तर बोलायचं नाही, नुसतं "पाणी पिऊन येते" म्हणायचं. त्या दिवशी ती चार वेळा पाणी प्यायला गेली.

माझी टिपणी अशी होती. नुसती गाडी पावणेसात लाख. आतलं घर सव्वादोन. झाले नऊ. वजा टायर, बॅटरी, झरोक्याजवळची गळती आणि सर्व्हिसिंग मिळून पंच्याण्णव हजार, वजा मध्य प्रदेशातला टॅक्स आणि नोंदणी पासष्ट हजार. राहिले सात लाख चाळीस हजार. त्यावर पंचवीस हजार मी स्वतःला सूट दिली, कारण आरसी स्वच्छ असलेली गाडी सहज मिळत नाही. सात पासष्ट. याच्या वर उठायचं, असं हिच्यासमोर बोलून ठेवलं होतं. स्वतःशी ठरवलेली मर्यादा समोर बिछाना दिसला की पातळ होते. दुसऱ्याला सांगितलेली जरा टिकते.

बोलणी ओसरीवर, त्यांचे शेजारी आणि एक भाचा यांच्यासमोर सुरू झाली. मी म्हटलं, "साहेब, आपण गाडीत बसून बोलूया का?" हे मी गुरांच्या बाजारात शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला बैलांच्या कर्जासाठी बाजारात जावं लागायचं. तिथे दलाल हातावर रुमाल टाकून खालून बोटं दाबून भाव करायचे. मला वाटायचं भाव लपवायला करतात. एका म्हाताऱ्या दलालाने सांगितलं, तेवढ्यासाठीच नाही, चारचौघांत कमी आकडा ऐकला की माणूस मानापमानाला जातो, मग बैल घरी नेतो पण देत नाही. शेजाऱ्यांसमोर साडेअकरा म्हटलेला माणूस त्यांच्याचसमोर आठ कसा म्हणेल?

गाडीत बसल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते इंजिनिअर. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि चेहरा लाल झाला. "सव्वाआठ लाख खर्च केलेत मी आत. सव्वादोन लिहिलेत तुम्ही."

इथे दोन चुका करता येतात. एक म्हणजे त्यांच्या कामाला नावं ठेवणं. खरं तर काम उत्तम होतं. वायरिंग लेबल लावलेलं, प्रत्येक नळीला वेगळा कॉक. मी तसं सांगितलं. दुसरी चूक म्हणजे घाबरून आकडा वाढवणं. मी एवढंच म्हणालो, "काम आठ लाखांचं आहे, मला दिसतंय. पण मला ते विकत घेता येण्यासारखं सव्वादोनचं आहे." आणि गप्प बसलो. फार वेळ. बाहेर रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

मग ते उठले, घरात गेले आणि एक फाइल घेऊन आले. टायरची पावती. आठ महिन्यांपूर्वी नवे टायर घातलेले. मी बाजूवरचे आकडे एकाच टायरवर बघितले होते, आणि तो नेमका स्टेपनीचा जुना टायर खाली चढवलेला निघाला. माझ्या वजाबाकीतले टायरचे बेचाळीस हजार चुकीचे होते. मी त्यांच्यासमोर खोडले. सात चाळीसचे सात ब्याऐंशी झाले, आणि माझी मर्यादा आठ लाख सात हजार. त्यांनी दोन-तीन गोष्टी आणखी सांगितल्या, की गाडी फार भाग्याची आहे, की दुसरं गिऱ्हाईक सुरतेहून येणार आहे. त्यांनी माझा आकडा हलला नाही. पावतीने हलला.

त्या दिवशी ते सव्वानऊपर्यंत आले आणि थांबले. आम्ही उठलो, खरोखर उठलो. टिपणीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवली, खाली फोन नंबर लिहून. परतीच्या गाडीत ही दाहोदपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ-सव्वाआठला मिळाली असती तर?" मी म्हटलं, "आठलाच मिळेल." खात्री मलाही नव्हती.

एकोणीस दिवसांनी फोन आला. या वेळी मी पैशांखेरीज काही गोष्टी पुढे केल्या. विकणाऱ्यालाही एक भीती असते, आणि ती रास्त आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की सरकारी दप्तरात ज्याचं नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, गाडी विकून झाली असली तरी. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाला हे रात्री झोपू देत नाही. मी म्हटलं, "ना हरकत दाखला निघाल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही, तोवर ती तुमच्याच दारात राहील. सगळे पैसे बँकेतून. नाव बदलल्याची प्रत तुमच्या हातात आणून देईन." सुरतेच्या गिऱ्हाइकाने बहुधा यातलं काही म्हटलेलं नव्हतं.

आठ लाखांवर ठरलं. गाडीबरोबर बाहेरची छत्री, दोन घडीच्या खुर्च्या आणि सगळ्या वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा. टोकन मी दहा हजारच दिलं, आणि पावतीवर आम्ही दोघांनी लिहिलं, की दाखला मिळाला नाही किंवा बोजा निघाला तर ते परत. बाकीचे पन्नास हजार राखून सगळे पैसे कागद देताना, आणि ते पन्नास हजार दाखला हातात पडल्यावर.

नवी गाडी बनवून घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण तिथे मुद्दा वेगळा आहे. गाडी कंपनीच्या डीलरकडून येते, आतलं काम बनवणाऱ्याकडून, आणि पाच-दहा टक्के कमी करा म्हणून फार काही मिळत नाही. तुम्ही दर कमी केला की तो प्लायवूड पातळ करतो, आणि ते तुम्हाला दोन पावसाळ्यांनंतर कळतं. तिथे भाव हप्त्यांचा करायचा. इतके पैसे वायरिंग झाल्यावर, भिंती बंद करायच्या आधी मला दाखवून. इतके पाण्याची चाचणी झाल्यावर. आणि शेवटचे, निदान दहा टक्के, कॅम्पर व्हॅन असं छापलेली आरसी हातात आल्यावर. मंजुरीचं प्रमाणपत्र त्याच मॉडेलचं आहे का ते आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा. आणि शक्य असेल तर आधी अशी गाडी भाड्याने घेऊन दोन रात्री काढा. आम्ही काढल्या नव्हत्या, म्हणून टीव्हीशिवाय आणखी काय काय नको होतं ते नंतर कळलं.

बडोद्याहून गाडी आणताना त्या गृहस्थांनी तासभर सगळं समजावलं. कुठला कॉक आधी उघडायचा, मैल्याची टाकी कुठे आणि कशी रिकामी करायची, पंपाचा आवाज बदलला तर काय समजायचं. शेवटी मागचं दार लावून म्हणाले, "हे जोरात ओढू नका. तिलाही मी हेच सांगायचो." मग आत निघून गेले.

नाव बदलल्याची प्रत मी नवव्या आठवड्यात जाऊन दिली. पोस्टाने पाठवता आली असती, पण तसं ठरलं नव्हतं. ओंकारेश्वरहून निघायचा मुहूर्त हिने काढलाय. गाडीत गॅसचा सिलिंडर कुठे ठेवायचा आणि त्याची नळी किती दिवसांनी बदलायची, हे पुढच्या भागात.